विकणारा आणि देणारा

संध्याकाळच्या वेळी ओसरीवर बसलेल्या आजोबांनी कमरेची चंची सोडावी, तीत सुपारीची खांडे आणि चुन्याची डबी तेवढी शिल्लक आहे असे पाहून अंगणात गोट्या खेळणाऱ्या नातवाला हाक मारावी, त्याच्या तळहातावर नाणे ठेवून ‘जा रे बाळ, कोपऱ्यावरनं पुडी घेऊन ये, उरतील त्याच्या गोळ्या खा’ असे सांगावे, आणि त्या पोराने आपला डाव अर्धा टाकून धूम ठोकावी, हे दृश्य महाराष्ट्रातील खेड्यांत आणि शहरांतील चाळींत पिढ्यान्‌पिढ्या इतके नित्याचे होते की त्यात काही वावगे आहे अशी शंकाही कोणाच्या मनाला शिवली नाही. मात्र या अर्ध्या घटकेच्या कामगिरीत बरेच काही घडून गेलेले असते. मुलाला दुकानाची वाट ठाऊक होते, दुकानदाराला मुलाचा चेहरा ठाऊक होतो, पुडी मागताना जीभ अडखळेनाशी होते. आणि हे सारे चोरून नव्हे, तर वडीलधाऱ्यांच्या आज्ञेने आणि वर गोळ्यांच्या बक्षिसासह पार पडते. पुढे चारपाच वर्षांनी तोच मुलगा त्याच दुकानापुढे स्वतःकरिता उभा राहिला, म्हणजे दुकानदाराने त्याला अडवावे तरी कोणत्या तोंडाने?

अल्पवयीन मुलांच्या हाती तंबाखू, दारू आणि अमली पदार्थ येतात तरी कोठून, हा प्रश्न निघाला की सभ्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादा अनोळखी इसम उभा राहतो, जो शाळेच्या फाटकाशी घुटमळत असतो आणि ज्याच्या खिशात काहीतरी दडवलेले असते. असे इसम नसतातच असे नाही. पोलिसांच्या दप्तरी त्यांची नोंद सापडते. परंतु त्यांची आणि मुलाची गाठ पडते ती या वाटेच्या शेवटच्या मुक्कामी. पहिल्या मुक्कामावर जी माणसे उभी असतात ती घरची, आळीतली, वर्गातली, लग्नाच्या वरातीतली, म्हणजे सगळी ओळखीचीच असतात. व्यसनाची वस्तू मूल विकत घेऊ लागते त्याच्या आधी ती त्याला बहुतेक वेळा कोणीतरी दिलेली असते, आणि देणाऱ्याच्या मनात त्या वेळी कसलेही पाप नसते. ही साधी गोष्ट नीट ध्यानात न आल्यामुळे आपले पुष्कळसे उपाय वाटेच्या भलत्याच टोकाला पहारा देत बसतात.

तंबाखूचा हिंदुस्थानातील इतिहासच मुळी दानाने सुरू होतो. अमेरिका खंडातील हे रोप पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणले आणि दख्खनच्या भूमीत ते रुजले. अकबराच्या दरबारातील असद बेग हा मुत्सद्दी विजापूरच्या आदिलशाही दरबारी वकिलात करून १६०४-०५ च्या सुमारास परतला, तेव्हा त्याने इतर नजराण्यांबरोबर तंबाखू आणि सुबक घडणीचा हुक्का बादशहापुढे ठेवला. दरबारातील हकिमाने या अपरिचित धुराला आक्षेप घेतला. बादशहाने चव पाहिली आणि बाजूला सारली. पण सरदारांमध्ये जी मागणी उठली ती उठलीच. पुढे १६१७ साली जहांगीराने धूम्रपानाविरुद्ध हुकूम काढला खरा, परंतु नजराण्याच्या वाटेने घरात शिरलेली वस्तू फर्मानाने बाहेर जात नाही, हा अनुभव तेव्हाही आला आणि आजही येत आहे.

महाराष्ट्रात या वस्तूने जी रूपे धारण केली त्यांत धुराचा वाटा फार थोडा आहे. २०१६-१७ साली प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जी राष्ट्रीय पाहणी झाली तीत या राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. एकूण प्रौढांपैकी विडी-सिगारेट ओढणारे जेमतेम ३.८ टक्के होते, आणि चघळणारे, मळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडील तंबाखू मुख्यतः तोंडात वसते, तिला ना धूर ना वास, आणि त्यामुळे ती माजघरातही निर्वेधपणे वावरते. मशेरीचेच उदाहरण घ्यावे. तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायची, तिची पूड करून डबीत भरायची आणि सकाळी दातांवर घासायची, हा अनेक घरांतील बायकांचा नेम असतो. त्या पुडीला त्या व्यसन म्हणत नाहीत, दंतमंजन म्हणतात. आणि मुलाची दाढ दुखू लागली की चिमूटभर मशेरी त्याच्या हिरडीवर टेकवणारी आई आपण मुलाला औषध देत आहोत अशाच श्रद्धेने ती देत असते. निकोटीनला मात्र औषध आणि व्यसन हा भेद समजत नाही.

शाळकरी मुलांविषयीची आकडेवारी या घरगुती पुरवठ्याकडेच बोट दाखवते. १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची जी जागतिक धर्तीची तंबाखू पाहणी भारतात २०१९ साली झाली, तीत देशभरातील ९८७ शाळा समाविष्ट होत्या आणि ८.५ टक्के विद्यार्थी त्या काळात तंबाखू सेवन करीत असल्याचे दिसले. त्याहूनही विचार करायला लावणारा आकडा आरंभाच्या वयाचा आहे. ज्यांनी सिगारेट चाखली होती त्यांपैकी ३८ टक्क्यांनी, विडी चाखणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांनी आणि धूरविरहित तंबाखू चाखणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस येण्यापूर्वीच चाखली होती. आठ-नऊ वर्षांच्या पोराजवळ स्वतःचा पैसा किती असणार, आणि दुकानात स्वतःसाठी मागण्याची हिंमत तरी कोठून येणार? त्या वयात पहिली चिमूट किंवा पहिला झुरका त्याच्यापर्यंत पोहोचतो तो बहुतांशी कोणाच्या तरी डबीतून, कोनाड्यात विसरलेल्या पुडीतून किंवा काकाने कौतुकाने पुढे केलेल्या थोटकातून, असाच तर्क करावा लागतो.

वय वाढते तसा देणाऱ्याच्या जागी विकणारा येतो. त्याच पाहणीत सिगारेट ओढणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ६९ टक्क्यांनी आणि विडी ओढणाऱ्यांपैकी ७८ टक्क्यांनी ती दुकानातून, पानपट्टीवरून किंवा फेरीवाल्याकडून विकत घेतल्याचे सांगितले. आणि अशा खरेदी करणाऱ्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना वयाच्या कारणास्तव कोणी नकार दिलेला नव्हता. ज्याला पश्चिम महाराष्ट्रात टपरी आणि विदर्भात पानठेला म्हणतात त्या चार पत्र्यांच्या आडोशाची रचना निरखून पाहावी. पुढच्या फळीवर गोळ्या, चिक्की आणि बिस्किटांच्या बरण्या, डोक्यावर कुरकुरीत खाऊच्या पाकिटांच्या माळा, मागच्या फळीवर विडीचे कट्टे, सिगारेटची पाकिटे आणि तंबाखूच्या पुड्या, आणि खांबाला एके काळी जळता सुंभ लोंबत असे तेथे आता दोरीने बांधलेला लायटर. सहा वर्षांचे पोर ज्या फळीपुढे टाचा उंचावून उभे राहते, तिच्याच मागच्या फळीपर्यंत सोळाव्या वर्षी त्याचा हात पोहोचतो. मधल्या दहा वर्षांत त्याला दुकान बदलावे लागत नाही. या साहचर्याचा धोका ओळखूनच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे सुचवले, की तंबाखूविक्रीसाठी स्थानिक संस्थांनी स्वतंत्र परवाना द्यावा आणि अशा परवानाधारकाला गोळ्या, बिस्किटे, शीतपेये इत्यादी जिन्नस ठेवू देऊ नयेत.

टपरीच्या अर्थशास्त्रातील मर्म सुट्या विक्रीत आहे. वीस सिगारेटींच्या अख्ख्या पाकिटाची किंमत शाळकरी मुलाच्या खिशाला झेपणारी नसते; एका सिगारेटीची मात्र झेपते. शिवाय ज्या सचित्र इशाऱ्याने २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के पृष्ठभाग व्यापला आहे, तो इशारा सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या दृष्टीस पडतच नाही, कारण पाकीट दुकानदाराजवळच राहते. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीस बंदी केली ती याच कारणास्तव. तथापि फर्मान आणि टपरी यांच्यात जे अंतर असते ते कोणत्याही चौकात पाच मिनिटे उभे राहणाऱ्यास मोजता येईल.

कायदा या बाबतीत मुका आहे असे कोणी म्हणू नये. २००३ च्या तंबाखू नियंत्रण अधिनियमाच्या सहाव्या कलमान्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास, तसेच शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या, आत विकण्यास मनाई आहे. आणि हे अंतर संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरील कडेपासून सर्व दिशांना त्रिज्येप्रमाणे मोजावे इतका बारकावा नियमांत नमूद केलेला आहे. पण या कलमाचा भंग करणाऱ्यास दंड किती, तर अधिकात अधिक दोनशे रुपये. एका दिवसाच्या धंद्यात तो दंड भरून निघतो. टपरीवाला हाही बहुधा दुष्ट नसतो. तुटपुंज्या नफ्यावर संसार रेटणारा तो माणूस असतो, आणि समोरच्या पोराला ‘वय काय रे तुझे?’ असे विचारले तर ते पोर पुढच्या टपरीवर जाईल एवढेच त्याला दिसत असते.

एखादी वस्तू संपूर्णपणे बंद केली म्हणजे मुलांपुरता तरी प्रश्न सुटतो काय, याचा धडा गुटख्याने दिला. चमकदार पुडीतील हा पदार्थ शाळकरी मुलांत इतका पसरला की महाराष्ट्राने २००२ साली त्यावर बंदी घातली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने, राज्याच्या अन्न प्राधिकाऱ्यास असा अधिकारच पोहोचत नाही असे ठरवून ती रद्द केली. आणि पुढे नव्या अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन जुलै २०१२ पासून ती पुनश्च अमलात आली. त्यानंतर गुटखा दिसेनासा झाला, पण मिळेनासा झाला नाही. शेजारच्या राज्यांतून येणारा मुद्देमाल पकडल्याच्या बातम्या आजही नित्याच्या आहेत. दुसरीकडे, कारखान्यात तयार होणाऱ्या पुडीची जागा टपरीवरच तयार होणाऱ्या मिश्रणाने घेतली. विदर्भात ज्याला खर्रा आणि नगर-सोलापूरकडे ज्याला मावा म्हणतात, तो सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना यांचा मेळ आहे. त्याला वेष्टन नाही, छाप नाही, त्यामुळे इशाराही नाही. शिवाय तो चौघांत वाटून खाण्याची रीत आहे, आणि गटात नव्याने आलेल्या मुलाच्या तळहातावर त्यातला भाग ठेवणे ही मैत्रीची दीक्षा समजली जाते. येथेही पुन्हा देणारा आला.

दारूच्या बाबतीत महाराष्ट्राची कायदेशीर स्थिती मोठी विलक्षण आहे. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने दारूला महसुलाचे साधन बनवले. पुण्यात दारूची नवी दुकाने उघडण्यास जोतीराव फुले यांनी १८८० साली नगरपालिकेचे सभासद या नात्याने विरोध नोंदवला. १९०८ साली टिळकांच्या अनुयायांनी त्याच शहरात गुत्त्यांपुढे निरोधन केले. आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी अधिनियम संमत झाला. तो अधिनियम नाव बदलून आजही जारी आहे. म्हणजे तत्त्वतः हे राज्य अद्याप दारूबंदीचेच असून जो पितो तो परवान्याच्या अपवादाने पितो. त्या परवान्यासाठी बिअर आणि वाइन यांना २१ वर्षांची आणि कडक मद्याला २५ वर्षांची अट आहे, जी देशातील कठोर अटींपैकी एक होय. सिंधुदुर्गातील बांद्याहून पुढे सरहद्द ओलांडून गोव्यात पाऊल टाकले की हीच अट १८ वर्षांची होते. महाराष्ट्रातील कडक अटीचे बळ मात्र तिच्या अंमलबजावणीइतकेच आहे. परवाना दाखवा असे गिऱ्हाइकाला म्हणणारा दुकानदार पाहण्याचा योग ज्यांना आला असेल त्यांची संख्या फार मोठी नसावी. आणि ज्या परवान्याची प्रौढाला कधी गरज भासली नाही, त्याच्या अभावी मुलालाच कोण अडवणार?

तरीही मुलगा स्वतः दुकानात जाऊन पहिली बाटली विकत घेतो असे क्वचित घडते. सोसायटीच्या गच्चीवर एकतीस डिसेंबरची रात्र साजरी होत असते, धुळवडीच्या दिवशी रंगाच्या पिंपाशेजारी दुसरे पिंप ठेवलेले असते, वरातीत बँडपुढे नाचणाऱ्या थोरल्या आतेभावाच्या हातात शीतपेयाची बाटली असते आणि तीत शीतपेयाखेरीज आणखी काही असते. कोणीतरी हसून पेला पुढे करतो, ‘घे रे, आता मोठा झालास’ असे म्हणतो, आणि नववी-दहावीतील मुलाला वाटते की आपल्याला दारू नव्हे, प्रौढपणच देऊ केले जात आहे. सुखवस्तू घरांत दिवाणखान्यातील काचेच्या कपाटाला कुलूप नसते. बाटलीतील पातळी किती उतरली हे पाहण्याची सवड कोणाला नसते. आणि ‘बाहेर जाऊन पिण्यापेक्षा घरात आमच्यासमोर घेतलेली बरी’ असा युक्तिवाद शहाणपणाचा म्हणून केला जातो. या युक्तिवादाने मुलगा बाहेर पिण्याचे टाळतो असे नाही. त्याची पहिली संकोचाची पायरी तेवढी घरातच गळून पडते.

ही साखळी किती लांब जाते याचे दारुण दर्शन पुण्याने घेतले. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मृत्यू पावले. मोटार चालवणारा मुलगा अठरा वर्षांच्या आतील होता, आणि त्याआधी शहरातील मद्यालयांत मित्रांसमवेत त्याला दारू पुरवण्यात आली असे पोलिसांचे म्हणणे होते. जामिनाच्या वेळी मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली यावर देशभर संताप उसळला, आणि तो समजण्याजोगा होता. परंतु त्या गदारोळात एक गोष्ट पुरेशी ऐकू आली नाही. पोलिसांनी मद्यालयांच्या चालकांवर आणि मुलाच्या पित्यावरही बाल न्याय कायद्याखाली गुन्हे नोंदवले होते. प्रकरणाचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे; तथापि मुलाच्या हातातील पेल्यामागे किती प्रौढ हात असू शकतात, हा प्रश्न त्या निमित्ताने प्रथमच इतक्या स्पष्टपणे कायद्याच्या भाषेत विचारला गेला.

गरीब वस्तीतील मुलाला काचेचे कपाट नसते आणि मद्यालयाचे दारही नसते. त्याच्या वाट्याला हातभट्टी येते, जेथे वय विचारण्याचा शिरस्ताच नाही, आणि पेयात काय मिसळले आहे हे सांगण्याचाही नाही. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. पूर्व विदर्भातील मोहाच्या दारूची गोष्ट निराळी. ती घरात गाळली जाते, देवाला चढते आणि पाहुण्यापुढे येते, त्यामुळे तेथे घर आणि गुत्ता यांच्यातील सीमारेषाच पुसट असते. बंदीने ती रेषा ठळक होते काय? वर्ध्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठवली गेली. ती उठवताना जी कारणे पुढे करण्यात आली त्यांत, अवैध दारूच्या धंद्यात स्त्रिया आणि मुले ओढली गेली, हेही एक होते. उलट गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमाने कायद्याच्या जोडीला गावाचा निर्णय उभा केला, म्हणजे गावकऱ्यांनी, विशेषतः बायकांनी, आपल्या गावात दारू आणि खर्रा विकू द्यायचा नाही असे ठरवायचे आणि ते स्वतःच पाळून घ्यायचे. पोलीसपाटलाच्या नजरेतून सुटणारा देणारा शेजारणीच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

गांजा, चरस, गर्द आणि अलीकडची रासायनिक द्रव्ये यांच्याकडे वळले की आपण खऱ्या अर्थाने चोरट्या बाजारात येतो, आणि तरीही आरंभीचे पात्र तेच राहते. गांजा एके काळी परवानाधारक दुकानात मिळे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ती दुकाने इतिहासजमा झाली. त्याच दशकात महाराष्ट्रातील शहरांत ‘गर्द’ या नावाने हेरॉइनची एक मलिन जात पसरली. तिने ग्रासलेली कोवळी मुले पाहून अनिल अवचट यांनी जी लेखमाला लिहिली, तिच्यातून आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉक्टर अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. गर्दनंतर मेफेड्रोन आले. बोलीत ‘एमडी’ म्हणवले जाणारे हे द्रव्य २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत कायद्याच्या यादीतही नव्हते. आज त्याचे साठे कारखान्यांतून पकडले जातात आणि वृत्तपत्रांत आकड्यांच्या शून्यांची रांग लागते. पण कारखान्यापासून मुलापर्यंतचा शेवटचा टप्पा कारखानदार कधीच चालत नाही. तो चालतो शाळेतला वरच्या इयत्तेतला मुलगा, ज्याला स्वतःच्या व्यसनाचा खर्च भागवायचा असतो आणि म्हणून चार नवे मित्र तयार करावे लागतात. पहिल्या वेळी तो पैसे घेत नाही. जो स्वतः बळी आहे तोच पुरवठादार होतो, आणि मुलाच्या दृष्टीने तो ना गुन्हेगार ना व्यापारी. तो दोस्त असतो. अलीकडे मागणी आणि पुरवठा यांची गाठ मोबाईलच्या पडद्यावरही पडू लागली आहे. पण त्या पडद्यावरचा पत्ता मुलाला कोणीतरी ओळखीच्यानेच सांगितलेला असतो.

काही वस्तू तर अशा, की त्या नशेसाठी बनलेल्याच नसतात. औषधांच्या दुकानातील झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याची काही औषधे, तसेच कचेरीत आणि कारखान्यात लागणारे वासाचे द्रव, यांची विक्री मुळात निर्दोष असते. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एक विषण्ण करणारी बाब आढळली. हुंगण्याची द्रव्ये हा नशेचा असा एकमेव प्रकार निघाला, ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा १० ते १७ वयाच्या मुलांत अधिक आहे, म्हणजे प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के, आणि ज्या राज्यांत अशा मुलांची संख्या मोठी आहे त्यांत महाराष्ट्राचा समावेश होतो. याचे कारण उघड आहे. या वस्तू स्वस्त आहेत, आणि त्या विकणाऱ्याला आपण काय विकतो आहोत याची जाणीवही नसते. औषधांपुरती एक तजवीज कायद्याने केली आहे. कोडीन आणि अल्प्राझोलाम यांसारखी औषधे २०१४ पासून ‘एच-१’ या अनुसूचीत असून ती विकताना डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपून ठेवणे औषधविक्रेत्यावर बंधनकारक आहे. परंतु आजीच्या उशाशी ठेवलेल्या झोपेच्या गोळ्यांची वही कोणी ठेवत नाही.

आता कायद्याच्या दोन शब्दांकडे पाहू, कारण या साऱ्या विवेचनाचे सार त्या दोन शब्दांत आहे. २००३ च्या तंबाखू अधिनियमातील सहावे कलम ‘विकतो’ अशा माणसाला उद्देशून आहे आणि त्याचा दंड दोनशे रुपये आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील सत्त्याहत्तरावे कलम मात्र ‘देतो किंवा देण्यास कारणीभूत होतो’ अशा माणसाला उद्देशून आहे. जो कोणी बालकाला, पात्र डॉक्टराच्या आदेशाखेरीज, मादक पेय, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देईल, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि पुढचेच कलम, बालकाचा उपयोग मादक पेय किंवा अमली पदार्थ विकण्यासाठी वा वाहण्यासाठी करणाऱ्याला तीच शिक्षा सांगते. दुकानदार विकतो म्हणजे देतोच, त्यामुळे तो या कलमात येतोच. पण वरातीतला आतेभाऊ आणि गच्चीवरचा काकाही येतात. कायद्याला जे उमगले ते समाजाला अजून उमगायचे आहे. काकावर फिर्याद कोणी करणार नाही, करावी असेही कोणी म्हणत नाही. पण पेला पुढे करणे हा लाडाचा प्रकार नसून संसदेने सक्तमजुरीस पात्र ठरवलेला अपराध आहे, एवढे त्याच्या कानावर घालायला कचेरीची पायरी चढावी लागत नाही.

आणि जे मूल या वाटेने आत गेलेच, त्याच्याकरिताही दार बंद नाही, हे पालकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. पोलिसांचे नाव निघेल या धास्तीने कित्येक घरे आजार लपवतात. वस्तुतः अमली पदार्थ कायद्याच्या ६४-अ या कलमाने, अल्प प्रमाणातील पदार्थाच्या गुन्ह्यात सापडलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वखुशीने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेण्यास तयार झाली, तर तिला खटल्यापासून संरक्षण दिले आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, अमली पदार्थांसाठी १४४४६ आणि संकटातील बालकांसाठी १०९८ हे शासकीय क्रमांक विनामूल्य आहेत. आणि निराश होण्याचेही कारण नाही, कारण ज्या पाहणीचे आकडे वर दिले त्याच मालिकेत २००९ साली तंबाखू घेणारे विद्यार्थी १४.६ टक्के होते, ते दहा वर्षांत ८.५ टक्क्यांवर आले.

तेव्हा आपण पुन्हा त्या ओसरीवर यावे. चंची रिकामी आहे, अंगणात डाव रंगला आहे, आणि आजोबांच्या ओठांवर हाक आली आहे. शासनाने शंभर यार्डांचे वर्तुळ शाळेभोवती आखले आहे. घराभोवती तसे वर्तुळ शासन आखू शकत नाही, ते आजोबांनीच आखायचे आहे. त्यांचे व्यसन सत्तर वर्षांचे असेल, ते या वयात सोडा असे त्यांना सांगण्याचे धाडस या लेखकाच्या अंगी नाही. त्यांनी एवढेच करावे, की नाणे स्वतःच्या मुठीत धरून, काठी टेकीत, कोपऱ्यापर्यंत स्वतः चालत जावे. तेवढे चालणे त्यांच्याही प्रकृतीला मानवेल, आणि नातवाचा डाव अर्धा राहणार नाही.